प्रोबच्या आधी काच बघ

बाय,

तुझा मेसेज वाचला. शिणाण्यांच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या त्या शिंपल्यांच्या, टिश्यूवर इन सिटू सिक्वेन्सिंग (टिश्यू न फोडता, जनुकांचे संदेश जागच्या जागी वाचणं) करायचं ठरलंय हे वाचून फार बरं वाटलं, आपल्या रत्नागिरीच्या खडकांवरच्या जिवावर कुणीतरी हे काम करायलाच हवं होतं. तू विचारलंस प्रोब (हवा तो संदेश शोधून त्याला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) कसे डिझाइन करू, कॅमेरा कुठला, डेटा कशात वाचू. ते सगळं होईल गं, शिकवणारे भरपूर आहेत. मी तुला काचेबद्दल, म्हणजे टिश्यू जिच्यावर बसवतो त्या स्लाइडबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल कुणी आपणहून सांगत नाही आणि सगळं काम उभं असतं ते त्या काचेवरच.

तुला माहितीच आहे, स्वीडनमध्ये मॅट्स निल्सनच्या ग्रुपने २०१३ मध्ये हे टिश्यूच्या आत करून दाखवलं. प्रत्येक जनुकाला एक कोड, त्यातला एका सायकलला एक बेस (डीएनएचं एक अक्षर) वाचायचा, चार अक्षरांना चार रंग, फोटो काढायचा, रंग धुऊन काढायचा, परत पुढचा बेस. चार सायकल म्हणजे २५६ कोड, पाच म्हणजे १०२४. आता यातली मेख बघ, पहिल्या सायकलमधला ठिपका आणि पाचव्यातला ठिपका एकाच जागी असला तरच तो कोड वाचता येतो. पूर्ण सेक्शन, म्हणजे काचेवरचा टिश्यूचा पातळ काप, वाहून गेला तर निदान कळतं तरी, पण एखादी कड उचलली गेली, टिश्यू थोडी सरकली किंवा ताणली गेली की फोटो एकमेकांवर बसत नाहीत, आणि मग तू महिनाभर सॉफ्टवेअरला दोष देत बसशील.

काच आणि टिश्यू दोघांवरही साधारण निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळे साध्या काचेवर सेक्शन नुसता सुकल्यामुळे बसलेला असतो. म्हणून मध्ये पॉझिटिव्ह थर द्यायचा. पॉली-लायसिन हा त्यातला सोपा प्रकार, ०.१ टक्क्याचा स्टॉक दहापट पातळ करायचा, स्लाइड बुडवायची, सुकवायची. प्रोटीएज (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) वापरणार असशील तर डी-लायसिनवालं घे, एल-लायसिनवालं ते एन्झाइम खाऊन टाकतं. पण पॉली-लायसिन काचेला धरतं ते मुख्यतः चार्जवर, आणि खारट बफर आला की चार्जची ओढ कमी होते. तुझ्या वॉशमध्ये मीठ असणार, फॉर्मामाइड असणार, वर गरम करणंही असणार. त्यामुळे माझं स्पष्ट मत, इतक्या सायकल करायच्या असतील तर सायलेन कोटिंग घे, ज्याला लॅबमध्ये एप्टेस म्हणतात. ते काचेशी रासायनिक बंध करतं आणि वर अमाइन (पॉझिटिव्ह चार्जवाले गट) मोकळे ठेवतं, आणि फिक्सेशनच्या (टिश्यू आहे तशी पक्की करण्याच्या) वेळी फॉर्माल्डिहाइड ते अमाइन टिश्यूच्या प्रोटीनशी जोडू शकतं. ही पकड मिठाने सुटत नाही.

आता तुला वाटेल मग जितकं जास्त चिकट तितकं चांगलं. तसं नाही. डीएनए पण निगेटिव्हच आहे ना, मग तुझे प्रोब पण त्याच पॉझिटिव्ह काचेवर जाऊन बसणार आणि टिश्यूच्या बाहेरची सगळी काच चमकणार. यासाठी जुन्या हायब्रिडायझेशनवाल्यांची युक्ती आहे, सेक्शन नीट बसला की ॲसेटिक ॲनहायड्राइडने मोकळे अमाइन बंद करून टाकायचे. आधी चिकटवायचं, मग उरलेला चिकटपणा मारायचा. ही स्टेप वेळखाऊ वाटली तरी सोडू नकोस.

आणि आपल्याकडची हवा. पुस्तकातले प्रोटोकॉल कोरड्या देशात लिहिलेत. सायलेनला पाण्याची वाफ लागली की ते बाटलीतच आपसात जुळायला लागतं, मग काचेवर एकसारखा थर न बसता गुठळ्या बसतात. त्यामुळे बाटली लहान घे, उघडल्यावर नायट्रोजन सोडून बंद कर, ॲसिटोन कोरडं वापर, आणि शक्य असेल तर सगळ्या स्लाइड थंडीच्या दिवसांत कोट करून सिलिका जेल घालून सीलबंद ठेव. जुलैत आपल्याकडे दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे फ्रीजमधून काढलेला डबा तसाच उघडलास तर स्लाइडवर लगेच पाणी धरणार. उणे ८० मधल्या सेक्शनचं तर विचारूच नको. डबा बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ दे, घाई करू नकोस.

सुकवणं हा पण आपल्याकडे वेगळाच विषय आहे. पावसाळ्यातली आंबापोळी वरून सुकलेली दिसते आणि खाली ओलीच असते, सेक्शनचं तसंच होतं, खाली पाण्याचा थर राहिला की तो पहिल्याच गरम वॉशला उठतो. पॅराफिनचे सेक्शन आधी उभे करून निथळू दे, मगच ६० अंशाला ठेव. आणि वॉटर बाथमध्ये जिलेटिन, अंड्याचा पांढरा भाग वगैरे काही घालू नकोस, कोटेड स्लाइड असेल तर ते प्रोटीन आधी जाऊन सगळा चार्ज खाऊन टाकतं. (पूर्वी अंड्याचा पांढरा भाग ग्लिसरीनमध्ये मिसळून स्लाइडला लावायचे आणि बुरशी येऊ नये म्हणून थायमॉल टाकायचे, तेच जे ओव्यात असतं.)

तुझ्या प्राण्याची एक खास अडचण. शिणाण्याच्या अंगातलं पाणी समुद्राइतकंच खारट, साधारण १००० मिलिऑस्मोल, आणि आपला नेहमीचा पीबीएस (लॅबमधलं मिठाचं बफर) ३०० च्या आसपास. साध्या पीबीएसमधल्या फिक्सेटिव्हमध्ये टाकलंस तर पेशी फुगतील आणि फुगलेली टिश्यू काचेवर सपाट बसत नाही. समुद्राच्या पाण्याइतक्या खारट बफरमध्ये फिक्स कर, मग मीठ पायरीपायरीने उतरव, नाहीतर सुकताना सेक्शनखाली मिठाचे खडे होतील.

आणि बघ ना, ओल्या, खारट पाण्यात चिकटून कसं राहायचं हे ज्याने माणसाला शिकवलं तो प्राणी हाच, म्हणजे याचा एक भाऊबंद. हर्बर्ट वेट आणि टँझरने १९८१ मध्ये त्या शिंपल्याच्या चिकट प्रोटीनमध्ये डोपा नावाचं अमिनो ॲसिड दाखवलं. पुढे कळलं की डोपाच्या शेजारचं लायसिन पृष्ठभागावरचे मिठाचे आयन बाजूला सारतं आणि मग डोपा पकडतो. त्या प्रोटीनचं कोटिंग सेल-टॅक नावाने विकत मिळतं. महाग आहे, पण एक-दोन स्लाइडवर लावून बघच, मला खूप उत्सुकता आहे.

आता काम सांगते. खरा नमुना काढायच्या आधी बाजारातून शिणाणे आण, त्यांचे सेक्शन तीन-चार प्रकारच्या कोटिंगवर घे आणि प्रोब न घालता सगळ्या सायकल कर, तोच बफर, तेच तापमान, तेवढेच वॉश. डीएपीआयने न्यूक्लियस रंगव, पहिल्या आणि शेवटच्या सायकलचे फोटो एकावर एक ठेव. पायाचा स्नायू छान बसेल, पण कल्ले आणि पचनग्रंथी त्रास देतील असा माझा अंदाज आहे, तिथेच नीट बघ. फोटो मला पाठव, कडा दिसतील असे पूर्ण सेक्शनचे, नुसते मधले सुंदर तुकडे नकोत. ते बघून मग प्रोबचं बोलू.

तुझी,
मॅडम