जुनी बाईक ऑनलाइन घेताना ती चोरीची नाही ना, हे कसे ओळखावे?

तुम्ही लिहिले आहे की, ऑनलाइन जाहिरातीत पाहिलेली १५० सीसीची बाईक तुम्हाला तशाच इतर गाड्यांपेक्षा वीस हजारांनी स्वस्त मिळते आहे. गाडी चुलतभावाच्या नावावर आहे, आरसी हरवली आहे आणि किल्ली एकच आहे, असे विकणारा सांगतो. आजच दोन हजार रुपये टोकन पाठवा, असा त्याचा आग्रह आहे. ॲपवर नंबर टाकून पाहिला तर सगळे बरोबर दिसते, तरीही गाडी चोरीची असू शकते का, असा तुमचा प्रश्न आहे.

असू शकते, आणि ॲपवर सगळे बरोबर दिसले म्हणून ती शंका कमी होत नाही. एम-परिवहन या सरकारी ॲपवर आपण नोंदणी क्रमांक टाकतो तेव्हा त्या क्रमांकाची एक गाडी सरकारदरबारी नोंदलेली आहे, तिचे मॉडेल कोणते, नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत आणि कर्जाचा बोजा आहे की नाही, एवढेच कळते. तुमच्यासमोर उभी केलेली गाडी तीच आहे का, हे त्या नोंदीवरून कळण्याची सोय नाही. चोरीची काळी गाडी खपवायची असेल, तर त्याच मॉडेलच्या आणि त्याच रंगाच्या दुसऱ्या एखाद्या गाडीचा नंबर रस्त्यावरून टिपून घ्यायचा आणि तशी पाटी बनवून लावायची, ही जुनी रीत आहे. मग ॲपवरची माहिती आणि फोटोतली गाडी तंतोतंत जुळतात. म्हणून तपासणीची सुरुवात पाटीवरून करू नका, लोखंडावर कोरलेल्या नंबरावरून करा.

हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून माझी बाईक चोरीला गेली. फिर्याद दिली, आणि जवळजवळ सात महिन्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला की, गाडी शेजारच्या जिल्ह्यात एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडे सापडली आहे. ओळख पटवायला गेलो तेव्हा तो मुलगा वडिलांसोबत बाकावर बसलेला होता. त्याने ती ऑनलाइन जाहिरात पाहून, हायवेवरच्या पेट्रोल पंपावर रोख पैसे मोजून घेतली होती, आणि त्याच्याजवळ कागद म्हणून आरसीची एक झेरॉक्स तेवढी होती. माझा विमा फक्त थर्ड पार्टीचा असल्यामुळे चोरीचा दावा करण्याचा आणि त्यासाठी विमा कंपनीला किल्ल्या देण्याचा प्रश्नच आला नव्हता, म्हणून दोन्ही मूळ किल्ल्या माझ्याकडेच राहिल्या होत्या. त्यातली एक पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला लागली. इग्निशनला मात्र लागली नाही, कारण ते कुलूप बदललेले होते. वडील उठून जवळ आले, झाकणात अडकलेली ती किल्ली त्यांनी पाहिली आणि मुलाला हळू आवाजात विचारले, "टाकीला वेगळी किल्ली लागते, हे घेताना तुला दिसलं नाही का रे?" गाडी न्यायालयाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, मला परत मिळाली. त्या मुलाचे पैसे गेले ते गेलेच.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येतो. चेसिस नंबर बहुतेक मोटारसायकलींवर हँडलच्या खाली, चौकटीच्या मानेवर, सहसा उजव्या बाजूला कोरलेला असतो, आणि इंजिन नंबर इंजिनाच्या खालच्या धातूवर असतो. गाडी दिवसाउजेडी पाहा. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, म्हणजे मानेची उजवी बाजू मोकळी होईल. तिथे बहुधा तेलकट धूळ बसलेली असते, ती फडक्याने पुसा आणि मोबाइलचा टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरका धरा. तिरक्या उजेडात अक्षरांच्या खाचांची सावली पडते आणि कोणते अक्षर इतरांपेक्षा उथळ आहे, कोणते ओळीतून सरकले आहे, हे लगेच लक्षात येते. नंबरच्या आसपासच्या पट्टीवर घासकागदाचे वा ग्राइंडरचे ओरखडे असतील, किंवा सगळी चौकट जुनी दिसत असताना तेवढ्याच जागी रंग ताजा असेल, तर गाडीवर हात फिरला आहे असे समजा. चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतात, कारण एक आणि शून्याशी त्यांचा घोळ होतो. भारतात बनलेल्या गाड्यांचा नंबर एम या अक्षराने सुरू होतो: हिरोच्या गाड्यांचा एमबीएल, बजाजच्या एमडी२, टीव्हीएसच्या एमडी६ आणि होंडाच्या दुचाकींचा एमई४. बजाजच्या गाडीच्या मानेवर एमबीएल दिसले, तर पुढे काही बोलण्याची गरजच उरत नाही.

त्याहून खात्रीची एक पद्धत आहे, आणि तिला पाच रुपयेही लागत नाहीत. पातळ कागद नंबरवर घट्ट धरून त्यावर पेन्सिल आडवी घासायची, म्हणजे नंबरचा ठसा कागदावर उतरतो. आरटीओच्या कामासाठी एजंट हेच करतात आणि त्याला चेसिस प्रिंट म्हणतात. डोळ्याला जे दिसत नाही ते या ठशात दिसते. माझ्या गाडीच्या नंबरात इंग्रजी तीनच्या आकड्याला डावीकडून दोन कमानी जोडून आठ केला होता. नुसत्या नजरेला तो आठच वाटत होता, पण ठाण्यातल्या हवालदारांनी घेतलेल्या ठशात उजव्या कमानी ठळक आणि रुंद, तर डाव्या बारीक आणि पुसट आल्या होत्या. कारखान्यातला ठोका आणि नंतर हाताने मारलेला ठोका सारखा पडत नाही. विकणाऱ्याने असा ठसा घेऊ दिला नाही, तर तेवढ्या एका कारणासाठी मी ती गाडी सोडून देईन.

लोखंडावरून स्वतः वाचलेला हा नंबर हाती आला, की पुढच्या दोन तपासण्या खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. पहिली म्हणजे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे ई-चलानचे संकेतस्थळ. तिथे गाडीच्या क्रमांकासोबत चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक विचारले जातात. ते अंक विकणाऱ्याने पाठवलेल्या झेरॉक्सवरून टाकू नका, मानेवरून वाचलेले टाका. पाटी एका गाडीची आणि चौकट दुसऱ्या गाडीची असेल, तर अंक जुळणार नाहीत. अंक जुळले आणि जुनी चलाने निघाली, तर ती उघडून त्यातले फोटो बघा. गाडी कायम पुण्यातच होती असे सांगितले जात असताना त्याच क्रमांकाला नागपुरात दंड झालेला असेल, किंवा फोटोतल्या गाडीचा रंग आणि मॉडेल वेगळे असेल, तर त्या क्रमांकाच्या दोन गाड्या रस्त्यावर फिरत आहेत, असा त्याचा अर्थ निघतो. चलान म्हटले की लोक दंडाची रक्कम तेवढी पाहतात आणि फोटो न पाहताच पान बंद करतात, याची मला फार हळहळ वाटते.

दुसरी तपासणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, म्हणजे एनसीआरबीची. डिजिटल पोलीस पोर्टलवर नागरिकांसाठी वाहनाची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, काढण्याची सोय आहे. तिथे नोंदणी, चेसिस आणि इंजिन असे तिन्ही क्रमांक भरले, की पोलिसांच्या चोरीच्या नोंदींत ते वाहन आहे का, हे कळते. पण ही नोंद फिर्यादीवर अवलंबून असते. गाडी परवा चोरीला गेली असेल, मालक अजून गावीच असेल किंवा गुन्हा नोंदवायला उशीर झाला असेल, तर निकाल स्वच्छ येईल. 'आजच न्या, उद्या दुसरा गिऱ्हाईक येतोय' या घाईमागे बऱ्याचदा हेच कारण असते. शंका राहिलीच, तर तो ठसा घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा, आणि त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येही विचारा. चेसिस नंबरवरून तिथे जुन्या सर्व्हिसिंगची नोंद निघते.

एका किल्लीबद्दल तुम्ही वेगळे विचारले आहे. एक किल्ली हरवणे ही घरोघरची गोष्ट आहे आणि तेवढ्यावरून कोणावर संशय घेऊ नये. मात्र नव्या गाडीसोबत दोन किल्ल्या मिळतात आणि साधारणपणे एकच किल्ली इग्निशन, टाकीचे झाकण आणि सीट किंवा बाजूचे पॅनल अशा सगळ्या कुलपांना लागते, त्यामुळे मिळालेली एक किल्ली सगळीकडे लावून पाहा. नंतर हँडल डावीकडे वळवून लॉक करा. चोर पुष्कळदा हँडलला लाथ किंवा हिसका मारून हे लॉक तोडतात, म्हणून ते लागतच नसेल किंवा लागूनही हँडल सैल फिरत असेल, तर कारण विचारा. इग्निशनच्या खालच्या वायरी कापून, पिळून, त्यावर काळी टेप गुंडाळली आहे का, तेही हाताने चाचपून बघा. कुलूप खरोखर बिघडले म्हणून बदलले असेल, तर मेकॅनिक कोण, हे मालक सांगू शकतो.

पाटीला मी दुय्यम मानतो, पण ती अगदीच सोडू नका. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी लावूनच मिळते. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, निळ्या रंगातले आयएनडी आणि खाली डावीकडे लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि ती न उघडणाऱ्या रिव्हेटने बसवलेली असते. त्या तारखेनंतरच्या गाडीला साध्या स्क्रूने लावलेली पाटी असेल, तर मूळ पाटी कुठे गेली, याचे उत्तर मिळाले पाहिजे.

आता माणसाविषयी. चुलतभावाच्या नावावर गाडी आहे, तर चुलतभावाला भेटायचे, आणि तेही त्याच्या घरी. फोनवर 'हो, मीच मालक' म्हणणारा आवाज कोणाचाही असू शकतो. आरसी खरोखर हरवली असेल, तर मालकाला हरवल्याची तक्रार देऊन फॉर्म २६ वर आरटीओतून दुय्यम प्रत काढता येते, आणि ज्याची गाडी आहे त्याला हे करायला काहीच अडचण नसते. ती येईपर्यंत तुम्ही थांबा. दरम्यान त्याला त्याच्या स्वतःच्या डिजिलॉकरमध्ये आरसी तुमच्यासमोर उघडायला सांगा. जुना स्क्रीनशॉट चालणार नाही. डिजिलॉकरमध्ये आरसी घेताना खातेदाराचे आधारवरचे नाव नोंदणीवरच्या नावाशी जुळावे लागते, त्यामुळे झेरॉक्सपेक्षा तिला कितीतरी जास्त वजन आहे. बोजा असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हवा. गाडी दुसऱ्या राज्यातली, समजा गोव्याची, असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी आधी पाहा.

गाडी नावावर करण्याचे सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० हातात घेऊन गाडी घरी आणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडी नावावर करण्याचा अर्ज मालकाशेजारी बसूनच ऑनलाइन भरा, कारण नोंदीतल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो त्याच्याच फोनवर आला, की मालक तोच असल्याची आणखी एक खूण मिळते. पैसे आरसीवरच्या नावाच्या बँक खात्यातच जमा करा, आणि विक्रीपत्रात तारखेसोबत गाडी ताब्यात घेतल्याची वेळही लिहून घ्या.

कायद्याची बाजू मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती वाचून माणूस घाबरतो; पण तुम्हाला ती माहीत असायला हवी. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ नुसार सर्वसाधारणपणे विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून चांगला हक्क घेणाऱ्याला मिळत नाही, म्हणजे चोराकडून तुम्ही पूर्ण किंमत देऊन घेतली तरी गाडी मूळ मालकाचीच राहते. शिवाय चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मानायला कारण' हे शब्द नीट वाचा: वीस हजारांनी कमी किंमत, कागद नाहीत, मालक समोर नाही, आणि व्यवहार रस्त्यावर रोखीने. त्या मुलाला तासन्‌तास हेच प्रश्न विचारले जात होते. पुढे तो साक्षीदार ठरला, कारण विकणाऱ्याशी झालेले सगळे मेसेज त्याने जपून ठेवले होते. तुम्हीही जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण जाहिरात काढून टाकली की काहीच हाती राहत नाही.

गाडी पाहायला गेल्यावर दाट शंका आली, तर तिथे वाद घालू नका आणि एकटे तर मुळीच जाऊ नका. 'घरी विचारून सांगतो' म्हणून निघा, आणि बाहेर पडल्यावर ११२ वर किंवा जवळच्या ठाण्यात ठिकाण, पाटीचा क्रमांक आणि जमल्यास चेसिस नंबर कळवा. त्या गाडीचा खरा मालक कुठेतरी रोज ठाण्याच्या फोनची वाट पाहत असतो. मी सात महिने पाहिली आहे.

दोन हजारांचे टोकन आज पाठवू नका. त्याला एवढेच कळवा की, चुलतभाऊ, आधार कार्ड आणि गाडी तिन्ही एका जागी दिवसा भेटतील त्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन येतो आणि टोकन तिथेच, मालकाच्या खात्यावर देतो. गाडी सरळ असेल, तर तो वार आणि वेळ सांगेल.