युद्धात लैंगिक अत्याचार होणे अटळच असते का?

नाही, ते अटळ नसतात. सगळीच सैन्ये आणि बंडखोर गट सारख्या प्रमाणात असे अत्याचार करत नाहीत, आणि जिथे ते सर्रास घडतात तिथे बहुतेक वेळा वरिष्ठांनी एकतर चिथावणी दिलेली असते किंवा जाणूनबुजून डोळेझाक केलेली असते. राजकीय हिंसाचाराच्या अभ्यासक एलिझाबेथ वुड यांनी नेमका हाच फरक मांडला आहे: श्रीलंकेतील लिट्टे ही संघटना इतर बाबतींत अत्यंत क्रूर असूनही तिच्याकडून नागरिकांवर बलात्काराचे प्रकार क्वचितच घडले, तर 1992 पासूनच्या बोस्नियन युद्धात फोचा येथे स्त्रियांना शाळेत आणि क्रीडागृहात डांबून ठेवून त्यांच्यावर वारंवार अत्याचार झाले. रवांडातील 1994 च्या वंशसंहाराबद्दल खटला चाललेल्या, ताबा येथील नगरप्रमुख अकायेसू याच्यावरील मूळ आरोपपत्रात तर बलात्काराचा उल्लेखही नव्हता. सुनावणीत साक्षीदार स्त्रिया बोलल्यावर 1997 मध्ये ते आरोप जोडले गेले, आणि 1998 च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने प्रथमच बलात्कार हे वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते असे मान्य केले. (आरोपपत्र तयार करणाऱ्यांना हे आधी सुचू नये, हेही पुरेसे बोलके आहे.) मात्र वरिष्ठांनी लावायच्या शिस्तीचा हा मुद्दा शांतताकाळाला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तेव्हा अत्याचार करणारा बहुधा पती, जोडीदार, नातेवाईक किंवा परिचित असतो, त्याच्यावर कोणाही सेनाधिकाऱ्याचा हुकूम चालत नाही, आणि तक्रार करायची तर ती घरातल्याच माणसाविरुद्ध करावी लागते.