शेलेफ्तेओ नगरपालिका खरंच शाश्वत आहे का, हे कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्टसाठी उत्तर स्वीडनमधलं शेलेफ्तेओ घेतलंय, कागदावर सगळं हिरवंगार दिसतंय, मग तिला शाश्वत म्हणून टाकायचं का. मी उमिओत मास्टर्स केलंय, तिथून बसने दोनेक तास लागतात, त्यामुळे या गावात बऱ्याचदा जाणं झालं. माझं मत विचाराल तर एवढ्यात म्हणू नका.

चांगलं आहे ते आहेच. वीज कंपनी नगरपालिकेच्या मालकीची आणि वीज मुख्यतः पाण्यावर-वाऱ्यावर तयार होते. २०२१ मध्ये उघडलेलं सारा कुल्तुरहुस हे सांस्कृतिक केंद्र २० मजली आहे आणि लाकडात बांधलंय, लाकूड आसपासच्याच जंगलातलं. रॉनशेरचा स्मेल्टर, म्हणजे धातू वितळवून शुद्ध करण्याचा कारखाना, एकेकाळी आर्सेनिकसाठी बदनाम होता, आता तिथे जगभरातले जुने सर्किट बोर्ड येतात आणि त्यातून तांबं-सोनं काढतात.

पण नगरपालिकेची हद्द हीच हिशोबाची हद्द धरली की गडबड होते. शेलेफ्ते नदीवर एकापाठोपाठ धरणं आहेत आणि पाणी साठवणारे मोठे जलाशय पार वर डोंगराकडे, दुसऱ्या नगरपालिकेत. ब्लायकेनच्या पवनचक्क्याही तशाच, लांब आत, सामी म्हणजे तिथले आदिवासी लोक जिथे रेनडिअर चारतात त्या भागात. म्हणजे स्वच्छ विजेचे मार्क शेलेफ्तेओला आणि कुरणं तुटतात ती दुसऱ्यांची, हे रिपोर्टमध्ये कुठल्या रकान्यात येतं ते आधी बघा.

आणि नॉर्थव्होल्ट ही बॅटरी बनवणारी कंपनी. तिचा कारखाना येणार म्हणून साधारण ७५ हजार वस्तीच्या नगरपालिकेने घरं, शाळा, रस्ते सगळं वाढवायला घेतलं, जगभरातून माणसं आली, त्यात आपली भारतीयही पुष्कळ. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने २ अब्ज युरोची ऑर्डर रद्द केली कारण माल वेळेत मिळत नव्हता, सप्टेंबरमध्ये कंपनीने स्वीडनमधल्या १,६०० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं आणि १२ मार्च २०२५ ला दिवाळखोरी. तेव्हा परदेशी माणसाची नोकरी गेली की वर्क परमिटवर नवीन शोधायला ३ महिने मिळायचे, नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. बायकामुलांसकट आलेल्या माणसाला ३ महिने म्हणजे काहीच नाही हो, मुलांना भाषा जेमतेम यायला लागलेली असते.

आता यात एक गोष्ट नीट समजून घ्या कारण ती बहुतेक जण सोडून देतात. स्वीडनमध्ये नगरपालिकेचं मुख्य उत्पन्न रहिवाशांच्या पगारावरच्या करातून येतं, कंपनीच्या नफ्यावरचा कर मात्र केंद्र सरकारकडे जातो. म्हणजे कारखाना चालला तर त्याच्या नफ्याचा वाटा स्टॉकहोमला, आणि बंद पडला, माणसं निघून गेली की करही गेला, शाळांचा-पाइपलाइनचा खर्च तेवढाच गावाच्या गळ्यात. कार्बनच्या आकड्यात यातलं काही दिसत नाही, उलट माणसं गेली की तो आकडा आणखी छान दिसेल.

म्हणून प्रोजेक्टमध्ये उत्सर्जनाच्या तक्त्याशेजारी हेही मांडा: पगारदारांपैकी किती जण एकाच कंपनीत होते, नवीन घरांपैकी किती रिकामी आहेत, बांधकामासाठी कर्ज किती काढलं. आणि जमलं तर २०१९ आणि २०२५ ची शाळांची पटसंख्या मागवा, मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.