परफेक्शनिझम म्हणजे काटेकोरपणा का?

प्रश्न असा आला आहे: बहिणीला बायपोलर डिसऑर्डर आहे, जोडीला चिंता आणि 'परफेक्शनिझम' आहे, असं डॉक्टर म्हणाले. हे आईला मराठीत कसं सांगायचं? 'परिपूर्णतावाद' तिच्या डोक्यावरून गेला. 'काटेकोरपणा' म्हटल्यावर ती म्हणाली, मग चांगलंच आहे की!

आईचं काही चुकलेलं नाही. काटेकोर, चोख, टापटीप ही आपल्याकडे शाबासकीची विशेषणं. 'चोखंदळ'मध्ये आवडीनिवडीचा भाग जास्त. 'चिकित्सक' दोन्हीकडून वाजतो: भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती म्हटली की आदर वाटतो, पण पानावर बसलेला पाहुणा चिकित्सक निघाला की वाढणारीच्या कपाळाला आठी. आणि 'परिपूर्णतावाद' तर तत्त्वज्ञानाच्या पेपरातला वाटतो.

काटेकोर माणूस हिशेब दोनदा तपासतो आणि वही मिटतो. डॉक्टरांना अभिप्रेत असलेला माणूस पहिल्या पानावर खाडाखोड झाली म्हणून नवी वही घेतो, तिच्यातही तेच होतं, आणि शेवटी तो लिहायलाच बसत नाही. घरच्यांना तो आळस वाटतो. आत असते ती धास्ती. म्हणून माझं मत 'चुकण्याची धास्ती' या साध्या शब्दांना.

पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये याचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अचूकपणाचा हट्ट, दुसऱ्यांकडून तसाच हट्ट, आणि लोक आपल्याकडून तो धरतात ही समजूत. तिसऱ्याला आपल्याकडे तयार नाव आहे, 'लोक काय म्हणतील'. चिंतेशी या तिसऱ्याचं चांगलंच जुळतं. सतत कोणीतरी गुण देतंय असं वाटत असेल तर जिवाला स्वस्थता कुठून येणार?

बायपोलरचं मात्र सांभाळून बोलावं. तिथे 'मूडी' चालणार नाही. या आजारात मन कधी उन्मादात (अतिउत्साहात) तर कधी अवसादात (खोल निराशेत) जातं; निदानाच्या निकषांत उन्माद साधारण आठवडाभर तरी आणि अवसाद दोन आठवडे तरी टिकावा लागतो. परफेक्शनिझम त्या निकषांत नाही, आणि त्याच्यामुळे हा आजार होतो असंही नाही. पण उन्मादात माणूस भलेमोठे बेत आखतो, अवसादात त्यातल्या एकेका चुकीची उजळणी करतो. एरवीही स्वतःला धारेवर धरणाऱ्याला ती उजळणी जास्त बोचते.

(कोणी 'मंत्रचळ' सुचवेल. तो शब्द ओसीडीसाठी, म्हणजे तेच ते विचार आणि कृती थांबवता न येण्याच्या आजारासाठी, रुळला आहे, इथे नको.)

आईला एवढंच सांगा: "तिला चुकायची फार धास्ती वाटते गं, आणि स्वतःचं काहीच तिला पुरेसं वाटत नाही." डॉक्टरांच्या कागदावर 'परफेक्शनिझम'च राहू द्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवताना तोच उपयोगी पडेल.