मुलगी कॅलिफोर्नियात स्पॅनिश-इंग्रजी डुअल इमर्शनच्या, म्हणजे दोन्ही भाषांतून शिकवणाऱ्या शाळेच्या, पहिलीत आहे. वसंत ऋतूवरच्या द्विभाषिक कविता कोणत्या घ्याव्यात आणि आधी कोणती भाषा वाचावी?

आधी स्पॅनिश. इंग्रजी तिला मैदानावर, टीव्हीवर, कुठेही मिळणारच आहे.

पुस्तक फ्रान्सिस्को अलार्कोन यांचं 'लाफिंग टोमॅटोज' घ्या. 1997 चं आहे, चित्रं माया गोन्झालेझ यांची. प्रत्येक कविता दोन्ही भाषांत. ओळी दोन-तीन शब्दांच्या, त्यामुळे नुकतं वाचायला लागलेलं मूल दमत नाही. टोमॅटोच्या कवितेत परसातले टोमॅटो हसत हसत लाल होतात आणि त्यांच्या आधाराच्या तारेच्या जाळ्या भर वसंतात ख्रिसमस ट्री होऊन जातात.

ही कविता माझ्या मुलाला तोंडपाठ होती. पाडव्याला घरी मंडळी जमली होती, कुणीतरी म्हणालं, बाळा, काहीतरी म्हणून दाखव. सगळ्यांना श्लोक अपेक्षित होता, त्याने टोमॅटो म्हटले, स्पॅनिशमधून. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, ही तर माळ्याची भाषा! शिकवायचीच तर फ्रेंच तरी शिकव." सगळे हसले आणि पोरगं आत निघून गेलं. मला त्या हसण्याचा राग अजून आहे. इथे आपण स्ट्रॉबेरी खातो ती तोडणारे बहुतेक हात मेक्सिकोतून आलेले असतात. त्याच पुस्तकात शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्यावर कविता आहे, ती उगाच नाही. आणि पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, या राज्याने मतदान करून शाळांमधल्या द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधनं घातली. ती उठायला 2016 उजाडलं. म्हणजे जाऊबाई एकट्या नव्हत्या.

शेजारच्या मेक्सिकन आजींना त्याने तीच कविता कुंपणापाशी म्हणून दाखवली. त्यांनी पुन्हा म्हणायला लावली, एक उच्चार घोटवून घेतला आणि वाफ्यातली कोथिंबीर उपटून त्याच्या हातात दिली. त्यानंतर तो रोज कुंपणापाशी. त्याचं स्पॅनिश तिथे सुधारलं.

तेव्हा तुमच्या मुलीलाही ऐकणारं माणूस शोधून द्या. पाहुण्यांसमोर म्हणायला लावू नका.

हां, एक सांगायचं राहिलं. या कवितांना 'ये रे ये रे पावसा'सारखा ठेका नाही, यमकही नाही. काही मुलांना सुरुवातीला कोरड्या वाटतात, म्हणून आधी लायब्ररीतून आणून बघा. आवडल्या तर उन्हाळा, शरद आणि हिवाळ्यावरची त्यांचीच आणखी तीन पुस्तकं आहेत. तुम्हाला स्पॅनिश येत नसेल तर तिलाच वाचू द्या, अडेल तिथे तिच्या बाईंना विचारा. तिसरी म्हणून घरची मराठी बंद करू नका, आमच्याकडे तिन्ही चालतात.

आणि कुणी फ्रेंचचा विषय काढलाच, तर मुलीच्या देखत उत्तर द्या. मी त्या दिवशी पंगतीतच दिलं होतं. जाऊबाई वर्षभर बोलल्या नाहीत, न बोलेनात.