व्हीआरएसचे पैसे भाच्याच्या स्मार्ट ग्लासमध्ये घालावेत का?

बडोद्याच्या मांजलपूरहून एका वाचकांनी लिहिलंय. वय 56, मकरपुऱ्याच्या कंपनीतून व्हीआरएस घेतली, ऑगस्टच्या अखेरीस सगळं मिळून 42 लाख हातात आले. बायको शाळेत शिक्षिका, पगार 38 हजार, मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, होम लोन 6 लाख उरलंय. साडूंच्या मुलाचं जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, काच आणि अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचं (खिडक्या-दारांच्या चौकटींचं) काम आहे, त्याने आता स्मार्ट ग्लास, म्हणजे विजेवर रूप बदलणारी काच, सुरू केलंय आणि तो म्हणतोय मावसाजी 15 लाख टाका, निम्मी पार्टनरशिप देतो, तुम्हाला यायची पण गरज नाही. सोबत त्याने इलेक्ट्रोक्रोमिक मार्केटचा एक रिपोर्ट पाठवलाय, आणि वाचकांना विचारायचंय की हे 15 लाख टाकू का, आणि वर दोन-तीन लाखाचे अमेरिकेतल्या एखाद्या स्मार्ट ग्लास कंपनीचे शेअर घेऊ का.

तर बघा, आधी तो रिपोर्ट बाजूला ठेवा. खोटा आहे असं नाही म्हणत मी, पण तो तुमच्या भाच्याच्या धंद्याचा नाहीये. त्याने जे कोटेशनचे फोटो तुम्हाला पाठवलेत ते मी नीट पाहिले, त्यात पीडीएलसी फिल्म आहे, इलेक्ट्रोक्रोमिक काच नाही. दोन्हीला बाजारात स्मार्ट ग्लासच म्हणतात म्हणून गोंधळ होतो.

इलेक्ट्रोक्रोमिक म्हणजे काचेवर टंगस्टन ऑक्साइडचा अगदी पातळ थर, समोर दुसरा थर, मधे इलेक्ट्रोलाइट. थोडे व्होल्ट दिले की लिथियमचे आयन एका थरातून दुसऱ्यात जातात आणि काच निळसर गडद होते, मग वीज बंद केली तरी गडदच राहते, वीज लागते ती फक्त बदलताना. मोठ्या काचेला पूर्ण गडद व्हायला बरीच मिनिटं लागतात, पण ऊन आणि उष्णता खरंच अडते. आणि गंमत म्हणजे गडद असताना पण आरपार दिसतंच. एअर इंडियाच्या ड्रीमलायनरमध्ये बसला असाल तर खिडकीला शटर नसतं, खाली बटण असतं, ते पण इलेक्ट्रोक्रोमिकच, फक्त आतलं रसायन वेगळं.

पीडीएलसी एकदम वेगळी. फिल्ममध्ये लिक्विड क्रिस्टलचे बारीक थेंब असतात, वीज नसेल तर ते कसेही पडलेले म्हणून काच दुधाळ दिसते, वीज दिली की एका रांगेत येतात आणि काच एका क्षणात साफ. म्हणजे जितका वेळ साफ हवी तितका वेळ वीज चालू. दुधाळ असताना पलीकडचं दिसत नाही, पण उजेड आणि उष्णता बहुतेक सगळी आत येतेच, फक्त पसरून येते. डॉक्टरच्या केबिनला, मीटिंग रूमला, बाथरूमच्या पार्टिशनला ही छान. पण तुमच्या पत्रात आहे की भाचा वासणा-भायली बाजूच्या नव्या टॉवरमध्ये पश्चिमेच्या गॅलरीला 'एसीचं बिल वाचेल' असं सांगून विकतोय. मे महिन्यात बडोद्याचं ऊन 42-43 ला जातं, तिथे या फिल्मने बिल वाचणार नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक फोन करणार. त्यापेक्षा बांबूची चिक जास्त काम करते, हे मी चेष्टेत लिहीत नाहीये.

आता मोठ्या कंपन्यांचं काय झालं ते सांगतो, कारण भाच्याच्या धंद्याची दुखरी नस तिथेच आहे. अमेरिकेत व्ह्यू नावाची कंपनी, 2007 ची, इलेक्ट्रोक्रोमिक काचेत जगातलं सगळ्यात गाजलेलं नाव. 2018 मध्ये सॉफ्टबँकच्या फंडाने 1.1 अब्ज डॉलर घातले, 2021 मध्ये नॅसडॅक शेअर बाजारावर आली. 2022 ला विक्री साधारण 10 कोटी डॉलर आणि तोटा 33 कोटी डॉलरच्या वर. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने या काचेला 30 टक्क्यांपर्यंत टॅक्स क्रेडिट देणारा कायदा पण आणला, तरी एप्रिल 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जुन्या शेअरहोल्डरांचे शेअर रद्द झाले. आता हे महत्त्वाचं: त्यांच्या काही काचांमध्ये खराबी निघालेली, वॉरंटीत बदलून द्यायच्या होत्या, तर हिशोबात त्यांनी नवी काच बनवायचा खर्च धरला पण ती पाठवायचा आणि बसवायचा खर्च धरलाच नाही. अमेरिकेच्या सेबीसारख्या संस्थेने, एसईसीने, 2023 मध्ये त्यावर केस केली, न दाखवलेली वॉरंटीची रक्कम होती 2.8 कोटी डॉलर.

म्हणजे काचेच्या सायन्समध्ये खोट नाही, ते 1969 पासून लोकांना माहितीये. या धंद्यात नफा विकतानाच दिसतो आणि खर्च मागाहून वॉरंटीतून येतो.

आता भाच्याचा कागद घ्या. चीनची फिल्म त्याला 450 रुपये चौरस फूट पडते, विकतो 900 ला, महिन्याला 800 फूट धरून त्याने 3 लाख 60 हजार नफा लिहिलाय आणि खाली तुमचा हिस्सा 1 लाख 80 हजार. वाचून कोणाचंही मन डोलेल. पण फिल्म रोलमध्ये किंवा ठराविक मापात येते, दरवाजे खिडक्या वेगळ्या मापाच्या, कापताना वाया जातं, म्हणून 15 टक्के जास्त फिल्म धरा. बसवणाऱ्याचे फुटाला 80, ट्रान्सफॉर्मर वायर स्विच याचे 60, वॉरंटीसाठी विक्रीच्या 5 टक्के बाजूला. दुकानाचं भाडं, एक सेल्सवाला मुलगा, सँपल, गाडी मिळून महिन्याला 70 हजार. हे आकडे मी मनाने नाही धरले, अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या लाइनमधल्या माझ्या एका क्लायंटला विचारून धरलेत. तर 800 फुटावर उरतात 88 हजार, 3 लाख 60 हजार नाही. तरी पण वाईट नाही हो, निम्मे 44 हजार म्हणजे 15 लाखावर वर्षाला 35 टक्के, मी पण दोन मिनिटं थांबलो.

पण 800 फूट कुठून आणले? तुम्हीच लिहिलंय की गेल्या सहा महिन्यांत त्याने सगळं मिळून 1100 फूट बसवलं. म्हणजे महिन्याला दोनशेच्या आतच. दोनशे धरून तोच हिशोब केला तर दर महिन्याला 30 हजार तोटा येतो. ना नफा ना तोटा यायलाच साधारण 355 फूट लागतात, म्हणजे आजच्या जवळपास दुप्पट काम. आणि हे काम महिन्याला सारखं येत नाही, दिवाळीच्या आधी सगळ्यांना घाई, मग कमुरता, म्हणजे संक्रांतीआधीचा अशुभ मानलेला महिना, लागला की उत्तरायणापर्यंत कोणी वास्तू करत नाही, इंटीरियरवाले हातावर हात ठेवून बसलेले असतात, भाडं मात्र चालूच.

पैसे अडकायचं वेगळंच. बिल्डर किंवा इंटीरियर कॉन्ट्रॅक्टर बिलातले काही टक्के रिटेन्शन म्हणून वर्षभर दाबून ठेवतो. जीएसटी मात्र बिल फाडलं की भरावा लागतो, उघराणी येवो न येवो. तुमचे 15 लाख दुकानात दिसणार नाहीत, ते लोकांच्या उधारीत दिसतील.

आणि वॉरंटी. त्याच्या कोटेशनच्या खाली बारीक अक्षरात 'फिल्म वॉरंटी 5 वर्षं' लिहिलंय, आणि चीनच्या सप्लायरचं जे पत्र त्याने जोडलंय त्यात 12 महिने. मधली चार वर्षं कोणाची? फर्मची, म्हणजे निम्मी तुमची. या फिल्मला कडेने तांब्याची पट्टी असते, करंट तिथून जातो, बाथरूमच्या पार्टिशनला हळूहळू ओल शिरली की कडेपासून पांढरी पट्टी सरकायला लागते आणि मग तेवढा भाग चालू केला तरी साफ होत नाही. तो तुकडा जोडता येत नाही, अख्खी फिल्म काढायची. त्या मापाची नवी मागवायची, दुसऱ्या गिऱ्हाइकाची उरलेली चालत नाही. गोंद खरवडायचा, काच पुन्हा धुवायची, ट्रान्सफॉर्मर फॉल्स सीलिंगमध्ये असेल तर पीओपीवाला पण बोलवायचा. सप्लायरने पहिल्या वर्षात फिल्म फुकट दिली तरी बाकीचं सगळं तुमच्या खिशातून, व्ह्यूच्या हिशोबात राहून गेलेलं ते हेच. भाच्याच्या कागदावर वॉरंटीची ओळच नाहीये, 5 टक्के मी धरलेत, आणि बाथरूमची कामं जास्त असतील तर ते पण कमी पडतील.

'तुम्हाला यायची गरज नाही' हे ऐकायला बरं वाटतं. पण साध्या पार्टनरशिप फर्ममध्ये झोपलेला पार्टनर पण 1932 च्या कायद्याने फर्मच्या सगळ्या देण्याला पूर्ण जबाबदार असतो, त्याची जबाबदारी 15 लाखावर थांबत नाही. बँकेचं कर्ज, जीएसटीची बाकी, गिऱ्हाइकाने ग्राहक कोर्टात केलेली केस, वसुली तुमच्या घरापर्यंत येऊ शकते. पार्टनरच व्हायचं असेल तर एलएलपी, म्हणजे जबाबदारी मर्यादित असलेली पार्टनरशिप, हवी, पण आत्ताच्या आकड्यांवर मी एलएलपी करून पण 15 लाख नाही टाकणार.

अगदी नाही म्हणणं तुम्हाला जड जाईल हे समजतं, बायकोच्या बहिणीचा मुलगा, घरात रोज विषय निघणार. मग असं करा, पार्टनर होऊ नका, उसने द्या, 3 लाखापर्यंत, आणि ते पण हातात ऑर्डर असेल तेव्हा त्या ऑर्डरच्या मालासाठी. चेकने किंवा एनईएफटीने, रोख अजिबात नाही, प्रॉमिसरी नोट लिहून घ्या आणि व्याज ठरवून घ्या. वहिनींच्या समोर बोला म्हणजे नंतर कोणी म्हणणार नाही की मावसाजींनी ऐन वेळी हात आखडला. मुलगा मेहनती आहे असं तुम्ही लिहिलंय, मग त्याला दोन गोष्टी सांगा: वॉरंटी सप्लायर देतो तितकीच लिहायची, आणि गॅलरीवाल्याला पीडीएलसी न विकता सोलर कंट्रोल किंवा लो-ई डबल ग्लास, म्हणजे उष्णता अडवणारी साधी काच, विकायची. ती काच भारतात बनते, तिला बसवल्यावर वीज लागत नाही, आणि भाच्याचं सेक्शनचं काम त्यात जास्त निघतं. सहा महिने सलग 400 फुटाच्या वर गेला आणि जीएसटी रिटर्नमध्ये ते दिसलं तर पुन्हा लिहा, मी परत आकडे मांडून बघेन.

शेअरचं थोडक्यात. व्ह्यू आता बाजारात नाहीच. इलेक्ट्रोक्रोमिक काचेतलं दुसरं नाव सेजग्लास, ती फ्रान्सच्या सेंट-गोबेनच्या पोटात आहे, 2012 पासून पूर्ण त्यांची, एवढ्या मोठ्या कंपनीत तिचा वाटा दिसत पण नाही. आपल्याकडे लिस्टेड सेंट-गोबेन सेक्युरिट आहे ती गाड्यांच्या काचा करते, नाव बघून घेऊ नका. इलेक्ट्रोक्रोमिकमधून वर्षानुवर्षं खरे पैसे कमावणारी म्हणजे जेन्टेक्स, मिशिगनची, गाडीतला मागच्या लाइटने आपोआप गडद होणारा आरसा त्यांचा, ड्रीमलायनरच्या खिडक्या पण. 2024 ची विक्री 2.3 अब्ज डॉलर. आरसा छोटा, कारखान्यातच बसतो, बदलायला सोपा, म्हणून पैसे उरतात. पण तो शेअर घेणं म्हणजे जगात गाड्या किती विकतात यावर पैसे लावणं आहे. दोन-तीन लाखासाठी डॉलर रूपांतराचा खर्च, डिव्हिडंडवर तिकडे 25 टक्के कापणं, दर वर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल भरणं... मला तरी तुमच्यासाठी हे उगाच वाटतं.

आता 42 लाखांचं. होम लोन 6 लाख फेडून टाका. मुलाच्या शेवटच्या वर्षासाठी आणि नोकरी लागेपर्यंत 4 लाख एफडीत, घरखर्चाला अडीअडचणीचे 5 लाख वेगळे. भाच्याला जास्तीत जास्त 3. सुमारे 4 लाख वर्षभरात थोडे थोडे करून इंडेक्स फंडात. आणि 20 लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये, 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 41 हजार येतील, टॅक्स लागेल पण झोप लागेल. आणि हो, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम व्हीआरएसबरोबर संपला असणार, त्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीये. तुम्हा दोघांचा आधी तो काढा, बीपी-शुगर असेल तर खरं सांगून काढा, वेटिंग पीरियडचं घड्याळ पॉलिसी घेतल्यावरच सुरू होतं.

सीनियर सिटिझन स्कीम 60 च्या आधी तुम्हाला मिळतेय ती फक्त व्हीआरएस घेतली म्हणून, आणि त्यासाठी पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. तुमचे ऑगस्टच्या अखेरीस आले, म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत. कंपनीचं व्हीआरएसचं पत्र आणि मिळालेल्या रकमेचा दाखला घेऊन तुमच्या बँकेत नाहीतर रावपुऱ्याच्या पोस्टात जा, भाच्याशी बोलणं त्यानंतर केलं तरी चालेल.