१५ ऑगस्टलाच इतक्या घटना का? त्यात योगायोग किती आणि ठरवून किती?

प्रश्न असा आहे: '१५ ऑगस्टला भारत स्वतंत्र झाला, त्याच तारखेला जपानने शरणागती पत्करली, कोरिया मोकळा झाला, बांगलादेशचे संस्थापक शेख मुजीब यांची हत्या झाली आणि तालिबानने काबूल घेतलं. एकाच तारखेला एवढं सगळं कसं? हा योगायोग की आणखी काही?'

तुमच्या यादीतल्या पहिल्या तीन घटना एकमेकींच्या नात्यातल्या आहेत, शेवटच्या दोन नाहीत.

वर्षाच्या तारखा फार तर ३६६ आणि लिहून ठेवलेला इतिहास काही हजार वर्षांचा. कुठलीही तारीख काढा, पाच-पंचवीस ठळक घटना निघणारच. नेपोलियनचा जन्म १५ ऑगस्ट १७६९चा. बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर सोळा महिन्यांनी हावडा-हुगळी गाडी धावली, ती १५ ऑगस्ट १८५४ला. पनामा कालवा खुला झाला १५ ऑगस्ट १९१४ला. या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दिनविशेषाचं सदर भरायला उपयोग होतो, तेवढाच. अशी यादी समोर आली की मी एकच बघतो: नंतरची तारीख ज्याने ठरवली, त्याच्या डोक्यात आधीची तारीख होती का? असेल, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

आपल्या १५ ऑगस्टचं तसंच आहे. इंग्लंडचे पंतप्रधान ॲटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ला जाहीर केलं होतं की जून १९४८पर्यंत आम्ही भारत सोडू. फाळणीची योजना ३ जून १९४७ला आली आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत माउंटबॅटन यांनी १५ ऑगस्टच्या सुमारास सत्तांतर होईल असं सांगून टाकलं. जवळजवळ दहा महिने अलीकडे! हीच तारीख का, याचं उत्तर त्यांनी पुढे अनेक वर्षांनी मुलाखतीत दिलं: जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन होता. युद्धात ते आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती होते आणि सप्टेंबर १९४५मध्ये सिंगापूरला जपानी सैन्याची शरणागती त्यांनीच स्वीकारली होती. ती तारीख त्यांच्या आयुष्यातली मोठी तारीख होती. आता, या गृहस्थांना स्वतःच्या गोष्टी रंगवून सांगायची हौस दांडगी होती, तेव्हा हे थोडं हातचं राखूनच घ्यावं. पण याहून पटणारं दुसरं कारण माझ्या तरी वाचनात नाही.

म्हणजे जपानच्या सम्राटाने रेडिओवरून शरणागतीचं भाषण ज्या तारखेला केलं, ती तारीख दिल्लीत येऊन आपली झाली. ते भाषणही सहज झालेलं नाही. आदल्या रात्री त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि युद्ध थांबू नये म्हणून काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी त्या तबकड्या ताब्यात घ्यायला राजवाड्यात रात्रभर शोधाशोध केली. तबकड्या त्यांच्या हाती लागल्या नाहीत. १५ला दुपारी बारा वाजता सामान्य जपानी माणसाने आपल्या सम्राटाचा आवाज पहिल्यांदा ऐकला. (अमेरिकेत शरणागतीची बातमी आली तेव्हा तिथे १४ ऑगस्टची संध्याकाळ होती. 'त्याच तारखेला' म्हणताना कुठल्या घड्याळाने, हेही विचारावं लागतं.)

तारीख अशी हौसेने ठरली, पण तिची किंमत हौसेची नव्हती. सीमा आखायला रॅडक्लिफ साहेब ८ जुलैला आले. त्यांनी त्याआधी भारत पाहिलेला नव्हता. पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल कापले, पण त्यांचा निवाडा प्रसिद्ध झाला तो १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. मधल्या काळात बंगालच्या मुर्शिदाबादमध्ये पाकिस्तानचा झेंडा लागला होता आणि खुलन्यात भारताचा. निवाडा आला आणि झेंडे बदलले: मुर्शिदाबाद इकडे, खुलना तिकडे. नादिया जिल्ह्यात काही ठिकाणी आजही १८ ऑगस्टला तिरंगा फडकवतात, कारण आपण भारतात आहोत हे तिथल्या लोकांना उशिरा कळलं.

पाकिस्तानचंही मूळ १५ ऑगस्टच. ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यात दोन्ही देशांसाठी हीच तारीख आहे आणि जुलै १९४८मध्ये निघालेल्या पाकिस्तानच्या पहिल्या टपाल तिकिटांवर '१५ ऑगस्ट १९४७' असं छापलेलं आहे. तोवर मात्र त्यांनी स्वातंत्र्यदिन १४वर आणला होता. माउंटबॅटन कराचीतल्या समारंभाला १४लाच जाऊन आले होते, कारण १५ला ते दिल्लीत हवे होते.

आपल्याकडे ज्योतिषांनी वेगळीच कुरकुर केली. १५ ऑगस्ट, शुक्रवार, दिवस अशुभ. मग तोडगा निघाला: घटना समितीची बैठक १४च्या रात्री अकराला सुरू करायची आणि बाराच्या ठोक्याला शपथ घ्यायची. ज्या मध्यरात्रीवर आपण इतकं भावुक होऊन बोलतो, तिच्यामागे पंचांगाचाही हात आहे. आणि जाता जाता, लाल किल्ल्यावर नेहरूंनी पहिला झेंडा फडकवला तो १५ला नव्हे, १६ ऑगस्टला.

आता दोन माणसं, ज्यांच्यासाठी ही तारीख आधीपासूनच त्यांची होती.

अरविंद घोष यांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२चा. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांना ७५ वर्षं पूर्ण झाली. आकाशवाणीच्या तिरुचिरापल्ली केंद्रावरून त्यांचा संदेश प्रसारित झाला. हा योगायोग मी मानत नाही, माझ्या कार्यावर उमटलेली ही दैवी शक्तीची मोहोर आहे, असा त्यांचा सूर होता. माउंटबॅटन यांच्या मनात पाँडिचेरीतले योगी नव्हते हे उघड आहे. पण श्रद्धेपुढे मी वाद घालत नाही.

दुसरे गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई. 'चले जाव'च्या वेळी ९ ऑगस्ट १९४२ला गांधीजींबरोबर त्यांना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणलं आणि सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, ते तिथेच गेले. त्यांची समाधी तिथे आहे, शेजारी कस्तुरबांची. १५ ऑगस्ट १९४७ला गांधीजी कलकत्त्यात बेलियाघाट्याच्या हैदरी मंझिलमध्ये होते आणि त्यांनी उपास केला, हे बहुतेकांना माहीत असतं. फाळणीचं दुःख हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी महादेवभाईंची पाचवी पुण्यतिथीही होती, हे सहसा कोणी सांगत नाही. साऱ्या देशात पेढे वाटले जात असताना या म्हाताऱ्या माणसाला घरातला एक माणूस आठवत असणार. पुण्यात राहणाऱ्यांनी १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आगाखान पॅलेसला एक चक्कर जरूर मारावी.

कोरियाचं गणित सोपं आहे. जपान हरला म्हणून १९४५ला कोरिया सुटला आणि दक्षिण कोरियाने प्रजासत्ताकाची घोषणा मुद्दाम १५ ऑगस्ट १९४८लाच केली. एकदा तारीख राष्ट्रीय झाली की तिच्यावर मंडप पडतो, नेते येतात, गर्दी जमते, आणि मग वाईट घटनाही तिथेच येऊन चिकटतात. १९७४च्या १५ ऑगस्टला सोलच्या राष्ट्रीय नाट्यगृहात मुक्तिदिनाचं भाषण चालू असताना राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, त्यांची पत्नी गेली. त्याच दिवशी सोलची पहिली मेट्रो सुरू झाली. तीही मुहूर्त बघूनच.

आपल्याकडे ही तारीख सगळ्यात जिद्दीने वापरली ती गोव्यासाठी. देश स्वतंत्र झाला तरी गोवा पोर्तुगीजांकडेच होता, तेव्हा १५ ऑगस्टला सीमेवर उभं राहण्यातच अर्थ होता. १९५४च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींच्या छोट्या तुकड्या आत शिरल्या आणि तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लागला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला देशभरातून आलेले काही हजार लोक, हातात झेंडा आणि तोंडी घोषणा, याखेरीज काहीही न घेता सीमा ओलांडून गेले. पुण्यातली गोवा विमोचन सहाय्यक समिती या सगळ्याच्या मागे उभी होती. बांद्याकडून पत्रादेवीला जाणारी वाट आज मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखालची आहे. तिथे पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय हातात झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबच्या इसडू गावचा करनैलसिंग पुढे झाला आणि छातीत गोळी लागून पडला. त्या दिवशी सगळ्या ठिकाणांचे मिळून वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. सहोद्राबाई वाचल्या आणि १९५७ला लोकसभेत निवडून आल्या. पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे, पण बहुतेक गाड्या तिथून सुसाट निघून जातात.

यानंतर काही आठवड्यांतच नेहरूंनी सत्याग्रहावर बंदी आणली आणि गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. यात योगायोग कुठेच नाही. १९४७ने १९५५ला बोलावून आणलं.

सरकारी मुहूर्तांची यादी लांबलचक आहे, ती झटपट उरकतो. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला, १५ ऑगस्ट १९७२ला, पिन कोड सुरू झाला. तो आखला टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. मराठी माणूस, वर संस्कृत कवी आणि नाटककार. आपण रोज लिहितो ते ४ने सुरू होणारे सहा आकडे त्यांची देणगी. आसाम करार १९८५चा, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १९९५चं, दोन्ही १५ ऑगस्टलाच. मंत्र्यांना भाषणात घालायला काहीतरी लागतं, दुसरं काय!

उरल्या तुमच्या यादीतल्या शेवटच्या दोन. १९७५ला ढाक्यात धानमंडीच्या घरात पहाटे शेख मुजीब आणि त्यांच्या कुटुंबातले बहुतेक जण मारले गेले. भारताच्या स्वातंत्र्यदिनाशी त्याचा संबंध जोडणारे खूप भेटतात, पण जोडायला हातात काही ठोस नसतं, म्हणून मी जोडत नाही. काबूलचं तर सरळच आहे: अमेरिकन सैन्य ऑगस्टअखेर निघणार होतं, तालिबान वेगाने पुढे सरकत होतं, आणि अफगाण सरकार १५ ऑगस्ट २०२१ला कोसळलं. १३ला कोसळलं असतं तरी कोणाला वेगळं वाटलं नसतं.

अशा याद्या फॉरवर्ड करण्याआधी आणखी एक गोष्ट बघा: दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरातल्या आहेत का? ६ जूनचे मेसेज दर वर्षी येतात की शिवराज्याभिषेक आणि दुसऱ्या महायुद्धातलं नॉर्मंडीचं आक्रमण एकाच तारखेला झालं. राज्याभिषेक झाला ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ला. त्याची ६ जून १६७४ ही तारीख आली ती इंग्रज तेव्हा वापरत असलेल्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरातून. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडराने तो दिवस १६ जूनला पडतो. नॉर्मंडीची ६ जून १९४४ आजच्या कॅलेंडरातली, आणि तीही ५ जूनला ठरलेली मोहीम खराब हवेमुळे एक दिवस पुढे ढकलली म्हणून. रायगडावर तारखेने आणि तिथीने असे दोन सोहळे होतात, त्यातल्या तिथीवाल्यांना ही अडचण कधीच येत नाही.